चुकारा हाती येण्याआधी: ख्रिस्ती शेतकरी कुटुंबासाठी देवभक्ती पहिली ठेवण्याची रीत

विदर्भातल्या खेड्यात, दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला धनलोभाविषयी काही सांगू लागले की साहजिकच उत्तर मिळते, की लोभ धरायला धन आहेच कुठे? कपाशीच्या तासांत तूर, उरलेल्या तुकड्यात सोयाबीन, सोसायटीचे पीक कर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि पोरांच्या शाळेचा खर्च एवढाच ज्यांचा संसार आहे, त्यांना हा विषय शहरातल्या श्रीमंतांचा वाटतो. परंतु प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ म्हणून जे दाखवले आहे, तो पैसा नव्हे, पैशाचा लोभ आहे. आणि त्याच्या आधीच्याच वचनात जो इशारा आहे, तो श्रीमंत असलेल्यांना नसून श्रीमंत होऊ पाहणाऱ्यांना आहे. म्हणजे रिकाम्या खिशातही हा लोभ राहू शकतो.

त्याचे दुसरे रूप आपल्या भागात अधिक आढळते, आणि ते म्हणजे भीती. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही असे सांगून झाल्यावर प्रभू येशू लगेच चिंतेविषयी बोलू लागतो, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याला पैसा फार मिळाला तो त्यावर विसंबतो आणि ज्याला मिळाला नाही तो रात्रंदिवस त्याचाच विचार करतो. दोघांच्याही मनातली देवाची जागा पैशानेच घेतलेली असते. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते केवळ मोठ्या खातेदारांसाठी नाही.

माझे ठाम मत असे आहे की भक्ती आणि पैसा यांच्यातला निर्णय चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, हाती आल्यावर घेता येत नाही, तो त्याआधी घ्यावा लागतो. रक्कम खात्यात जमा झाली की कृषी केंद्रवाला, सोयरेधायरे, मोबाइलचे दुकान आणि स्वतःचे मन असे सगळे एकाच वेळी हात पुढे करतात, आणि त्या गर्दीत देवाचा वाटा शेवटी उरला तर उरतो. म्हणून पहिली पायरी हंगामाच्या आधीची आहे.

मे महिन्यात वही घेऊन बसणे

बी-बियाण्याची खरेदी होण्याआधी, एखाद्या संध्याकाळी नवरा-बायकोने आणि घरात कमावती मुले असतील तर त्यांनीही एकत्र बसावे. आधी नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातील आगूराची प्रार्थना वाचावी, ज्यात तो देवाकडे ना दारिद्र्य मागतो ना श्रीमंती, तर गरजेपुरते अन्न मागतो, कारण फार मिळाले तर आपण देवाला नाकारू आणि काहीच नसले तर चोरी करू, ही दोन्ही भये त्याने ओळखलेली आहेत. ही प्रार्थना वाचून मग हिशेब मांडावा, आणि हिशेब मांडून पुन्हा प्रार्थना करावी. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असे लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूनेच म्हटले आहे, त्यामुळे हिशेब करणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, ही समजूत मनातून काढून टाकावी.

वहीत लोकांचे देणे, कर्जाचे हप्ते, अर्पण आणि घरखर्च यांसाठी वेगवेगळी पाने ठेवावीत. परंतु या बैठकीतले सर्वांत महत्त्वाचे काम वेगळेच आहे. या वर्षी आपल्या घराला किती रक्कम पुरे होईल, तो आकडा लिहून ठेवायचा आहे. त्यात वर्षाचे धान्य, शाळा, दवाखाना, घराची डागडुजी आणि पुढच्या पेरणीची तजवीज धरावी. शेजाऱ्याने घेतलेली मोटारसायकल धरू नये. हा आकडा आधी ठरलेला असला, की भाव वाढला तरी वरचा पैसा कशासाठी आहे हे आपल्याला आधीच माहीत असते. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला, आणि पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल या आशेने गावोगावी कापूस घरात भरून ठेवला गेला. भाव मात्र खाली आला, आणि अनेकांनी महिनोन्‌महिने वाट पाहून तो पहिल्यापेक्षा कमी दराने विकला. भावाची वाट पाहणे हे पाप नाही, तो शेतकऱ्याचा हक्कच आहे. पण कितीला विकायचे हे न ठरवता केवळ आणखी, आणखी म्हणत थांबणे आणि त्या काळात मजुराची मजुरी, सोसायटीचा हप्ता व झोप या तिन्ही गोष्टी गमावणे, हे लूकच्या बाराव्या अध्यायातील कोठारे वाढवणाऱ्या माणसाच्या वाटेने जाणे आहे.

मजुरी: जे आपले नाहीच

अर्पणाच्या आधी मजुरीचा विषय मुद्दाम घेतो आहे. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी अशी आज्ञा आहे, आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे लिहिले आहे. निंदणाला आलेल्या बायांची, डवरणीच्या माणसाची किंवा कापूस वेचणाऱ्यांची मजुरी थकवून रविवारी मंडळीत मोठे दान टाकणारा देवाला दुसऱ्याच्या पैशातून देतो. ज्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी चुकते करण्याची रीत आहे, तिथे ती सोय मजुराला मान्य असेल तर चालेल, पण बाजाराच्या दिवशी सकाळीच पैसे हातात पडले पाहिजेत, म्हणजे त्याला त्या पैशांत बाजार करता येईल. यासाठी वेचणी सुरू होण्याआधी मजुरीपुरती रोख रक्कम बाजूला काढून ठेवावी. ती नसेल तर तेवढाच कापूस लवकर विकावा. सालगड्याला ठरलेल्या रकमेचा उरलेला भाग गुढीपाडव्यापर्यंत न रखडवता ठरल्या वेळी द्यावा, आणि त्याच्या घरी आजारपण असताना उचल दिली तर तिच्यावर व्याज लावू नये.

संध्याकाळी शेताच्या बांधावर कापूस मोजताना काट्यावर लक्ष फक्त मालकाचे नसावे. प्रत्येक बाईच्या समोर वजन घ्यावे आणि आकडा मोठ्याने वाचून लिहावा. किलोमागे जी मजुरी ठरली आहे, ती देताना वजन पाव-अर्धा किलो खाली धरण्याची सवय कुठे असेल तर ती ख्रिस्ती माणसाच्या शेतात बंद व्हावी.

याच पायरीला जोडून सरव्याचा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेल्या मालाचा, विचार करावा. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कोपरे आणि पडलेले कणीस गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडण्याची आज्ञा आहे, आणि रूथ बवाजाच्या शेतात आली ती याच व्यवस्थेमुळे. सोयाबीनची कापणी झाल्यावर शेतात पडलेल्या शेंगा, काढणीनंतर राहिलेल्या तुरीच्या शेंगा, शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीवर राहिलेली तुरळक बोंडे, हे सगळे स्वतः झाडून नेण्याऐवजी गावातल्या एखाद्या विधवेला किंवा भूमिहीन कुटुंबाला बोलावून वेचू द्यावे. त्यांनी मागायला येण्याची वाट पाहू नये, कारण मागणे अनेकांना जड जाते.

वजन आणि ओलावा

बाजार समितीत किंवा खरेदी केंद्रावर गाडी नेण्याआधी कापसावर पाणी मारणे, मधल्या थरात कवडीचा, म्हणजे खराब, कापूस दाबणे, सोयाबीनमध्ये माती राहू देणे, या गोष्टी इतक्या सर्रास बोलल्या जातात की त्या पाप वाटेनाशा होतात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर 8 टक्के ओलावा हा आधार धरला जातो, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भावात कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेतला जात नाही. म्हणजे पाणी मारून मिळवायचे ते बहुतेक वेळा तिथेच कापलेही जाते. पण फसवणूक पकडली जाते म्हणून टाळावी, असे मी म्हणणार नाही. खरे तराजू आणि खरी वजने ठेवा ही आज्ञा सरव्याच्या आज्ञेच्याच अध्यायात आहे, आणि देवाने गरिबाचा वाटा व ग्राहकाचा वाटा एकाच श्वासात सांगितला आहे. अडत्याने किंवा मापाऱ्याने आपली फसवणूक केली तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. त्याची भरपाई पाण्याने करू नये.

अतिवृष्टीनंतर होणाऱ्या पंचनाम्याबद्दलही हेच. नुकसान झाले असेल तर लगेच कळवावे, फोटो ठेवावेत, तलाठ्याकडे पाठपुरावा करावा, आणि यात संकोच बाळगू नये. परंतु चाळीस टक्के नुकसान ऐंशी लिहून घेण्यासाठी कुणाच्या खिशात काही सारणे, हे भक्ती आणि पैसा यांच्यातल्या निवडीचे सर्वांत साधे आणि सर्वांत कठीण उदाहरण आहे.

अर्पण: किती, केव्हा आणि कशातून

पहिले बोंड फुटले की पहिल्या वेचणीतला थोडा कापूस, पहिल्या मळणीतली पायलीभर सोयाबीन किंवा तूर प्रथमफळ म्हणून हंगामाच्या उपासनेत न्यावी. हे वस्तुरूपात आणि हिशेबाच्या आधी द्यायचे असते. पीक पूर्ण हाती येईल की नाही हे माहीत नसताना दिलेले हे दान देवावरचा भरवसा बोलून दाखवते.

दशमांश मात्र हिशेबानंतर काढावा, असे माझे मत आहे. काही पाळक एकूण विक्रीवर दशमांश सांगतात, आणि पगारदाराच्या बाबतीत ते सरळ आहे. पण शेतकऱ्याच्या विक्रीत बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी यांचा पैसा मिसळलेला असतो. समजा, दोन एकरांत 12 क्विंटल कापूस झाला आणि तो 2025-26 च्या मध्यम धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे 7,710 रुपयांनी विकला, तर 92,520 रुपये येतात. त्यात लागवडीपासून वेचणीपर्यंतचा खर्च 52,520 रुपये झाला असेल, तर कुटुंबाचे उत्पन्न 40,000 आणि दशमांश 4,000 रुपये होतो. एकूण विक्रीवर तो 9,252 होईल, म्हणजे उत्पन्नाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. ज्याला प्रेमाने तेवढे द्यावेसे वाटते त्याने जरूर द्यावे, परंतु अल्पभूधारकावर ते ओझे म्हणून लादू नये. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मासेदोनियातील कमालीच्या दारिद्र्यात असलेल्या मंडळ्यांचे औदार्य सांगतो, आणि थोड्याच ओळींनंतर हेही सांगतो की दान माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही.

रक्कम ज्या दिवशी खात्यात येईल त्याच दिवशी ती वेगळी करावी. पौलाने करिंथच्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगितले होते, म्हणजे तो आल्यावर वर्गण्या गोळा कराव्या लागू नयेत. ज्यांच्याकडे रोख अगदीच कमी आहे, त्यांनी मूठ काढण्याची रीत सुरू करावी. स्वयंपाकासाठी तांदूळ किंवा ज्वारी घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि महिन्याअखेर मंडळीत द्यायची. मिझोरामच्या मंडळ्यांनी शंभराहून अधिक वर्षे मूठभर तांदळाच्या याच रीतीने सेवाकार्याचा मोठा भार उचलला आहे. घरातल्या बाईचा स्वतःचा पैसा, मग तो वेचणीच्या मजुरीचा असो, बचत गटाचा असो की लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये असोत, त्यातून काय द्यायचे हे तिने स्वतः ठरवावे. दोन नाणी टाकणाऱ्या विधवेला प्रभूने पाहिले तेव्हा तिच्या वतीने कोणी दुसरा देत नव्हता.

एका शिकवणीपासून मात्र दूर राहावे. सभांमध्ये अमुक रक्कम बीज म्हणून पेरा, देव दहापट परत देईल, असे सांगितले जाते आणि कर्जात बुडालेली माणसे मंगळसूत्रातले मणीसुद्धा काढून देतात. परतफेडीच्या आशेने दिलेले दान देवाची भक्ती नाही, तो देवाशी केलेला धनाचाच व्यवहार आहे. सावकाराकडून उचल घेऊन अर्पण करू नये, मुलांची फी थकवून करू नये, आणि म्हाताऱ्या आई-बापाची औषधे थांबवून तर मुळीच करू नये. आई-बापाला द्यायचे ते देवाला अर्पण केले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने किती कठोर शब्दांत सुनावले आहे ते वाचावे.

कर्ज

शक्यतो कर्ज एकाच ठिकाणाहून आणि पेरणीपुरतेच घ्यावे. सोसायटी किंवा बँकेचे 3 लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडल्यास केंद्र व राज्य शासनाच्या व्याज सवलतींमुळे शेतकऱ्यावर व्याजाचा भार राहत नाही. तेच पैसे गावात शेकडा पाच महिन्याने घेतले तर वर्षाला शंभरावर साठ रुपये होतात. सावकाराकडे परवाना आहे का हे विचारावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. नाताळच्या कपड्यांसाठी, लग्नाच्या बँडसाठी किंवा सोन्यासाठी कर्ज काढू नये, एवढे वहीत पहिल्याच पानावर लिहावे.

कर्जमाफीबद्दल मंडळीत क्वचितच बोलले जाते, पण बोलले पाहिजे. 2008, 2017 आणि 2019 च्या योजनांनंतर अनेकांच्या मनात असे बसले आहे की थकवणारा फायद्यात राहतो. नापिकीने मोडलेल्या माणसाने माफी घेणे यात काहीही गैर नाही. कर्जमुक्तीची कल्पना मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. मात्र हातात पैसा असताना पुढच्या माफीची वाट पाहत थकवणे वेगळे आहे, आणि स्तोत्र 37 मध्ये उसने घेऊन न फेडणाऱ्याला दुर्जन म्हटले आहे.

आणि जो स्वतः पगारदार आहे, ज्याच्याकडे चार पैसे साठतात आणि जो गावात व्याजाने लावतो, त्याला हे वाचताना थांबायला हवे. स्तोत्र 15 मध्ये परमेश्वराच्या मंडपात कोण राहील या प्रश्नाच्या उत्तरात, आपला पैसा वाढीदिढीने न लावणारा, हेही एक लक्षण आहे. अशा बांधवाने निदान आपल्याच मंडळीतल्या गरजूंचे व्याज या वर्षीच सोडावे. जक्कयाने प्रभूसमोर उभे राहून, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत देण्याचे ठरवले होते.

कर्जाच्या विचाराने घरातले माणूस जेवेनासे झाले, रात्ररात्र जागू लागले किंवा मरणाची भाषा करू लागले, तर त्याला विश्वास कमी आहे असे म्हणून बोल लावू नये. त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, पाळकांना व जवळच्या नातलगाला त्याच दिवशी बोलावावे आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र सुरू असतो व मोफत आहे.

जमिनीचा मोबदला आणि भाऊबंद

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि त्याचा बराच भाग नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. त्याच्यासाठी आणि इतर प्रकल्पांसाठी जमीन गेली तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या न पाहिलेल्या रकमा घरांत आल्या, आणि सख्ख्या भावांचे बोलणे बंद झाले. लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस गर्दीतून प्रभूला म्हणतो की माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा, आणि प्रभू वाटणी करून न देता सर्व प्रकारच्या लोभाविरुद्ध सावध करतो. कोठारांचा दृष्टान्त त्यातूनच निघाला आहे.

असा पैसा येणार असेल तर सातबाऱ्यावरील सर्व नावे, बहिणींची नावेसुद्धा, आधी तपासावीत. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची घाई करू नये. तिला रक्कम सांगून, विचार करायला वेळ देऊन मग विचारावे. रक्कम आल्यावर सहा महिने ती ठेवीत ठेवावी आणि त्या काळात मोठी खरेदी करू नये. देवाचा वाटा, आई-बापाच्या म्हातारपणाची तरतूद आणि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन, एवढ्यांचा निर्णय आधी व्हावा.

प्रभुवार आणि कापणी

वेचणीच्या दिवसांत मंडळी रिकामी पडते, हे प्रत्येक पाळकाला ठाऊक आहे. ढग दाटले आणि फुटलेला कापूस शेतात असेल, तर रविवारी वेचण्याबद्दल कोणाला दोष देऊ नये. विहिरीत पडलेला बैल शब्बाथाच्या दिवशीही बाहेर काढतातच. पण आभाळ निरभ्र असताना दर रविवारी वेचणी ठेवणे ही सवय आहे, आणि ती मजुरांचीही विश्रांती हिरावून घेते. हंगामात उपासना पहाटे किंवा दिवेलागणीनंतर ठेवली, तर शेतकरी आणि मजूर दोघेही येऊ शकतात. घरी रोजची कुटुंब-प्रार्थना मात्र हंगामात लहान झाली तरी चालेल, बंद होऊ नये.

मंडळीचा पैसा

कुटुंबाला जे सांगितले ते मंडळीलाही लागू आहे. पौलाने यरुशलेमकडे मदत पाठवताना एकट्याने न नेता सोबत माणसे घेतली, म्हणजे कोणाला दोष काढता येऊ नये. दानपेटी उपासनेनंतर लगेच, दोघांनी मिळून, त्यांत शक्य तर एक महिला, मोजावी आणि आकड्यापुढे दोघांच्या सह्या घ्याव्यात. पाळक आणि खजिनदार एकच व्यक्ती नसावी. मंडळीचा न्यास नोंदलेला असेल तर दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. जमाखर्च महिन्यातून एकदा सर्वांसमोर वाचून दाखवावा, अर्पण केलेल्यांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने वाचण्याची पद्धत असेल तर ती थांबवावी, आणि गरजू कुटुंबाला दिलेली मदत वाचताना फक्त रक्कम सांगावी, नाव वाचू नये.